फ्रेंच की इटालियन? मराठीवर उभं राहून निवडू या



झ्युरिकमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांची पहिली मेहनत जर्मनसाठी होते आणि ते योग्यच आहे. कायम वास्तव्याच्या सी परवान्यासाठी राहत्या गावची भाषा यावी लागते. शेजारीपाजारी, दवाखाना, शाळा यांचं सगळं कामकाज त्याच भाषेत चालतं. जर्मन थोडी अंगवळणी पडली, की घरोघरी पुढचा प्रश्न निघतो. आता फ्रेंच शिकू की इटालियन? स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २३ टक्के लोकांची मुख्य भाषा फ्रेंच आहे आणि सुमारे ८ टक्के लोकांची इटालियन. दोन्ही इथल्या राष्ट्रीय भाषा. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

पहिली विचारणा होते ती 'सोपी कोणती?' अशी. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी भाषांचे गट करतं, त्यात फ्रेंच आणि इटालियन दोन्ही सर्वांत सोप्या गटात आहेत. पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. बाजारातली बहुतेक पुस्तकंही त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात. आपल्या तोंडात आणि कानात मराठी आहे. तेव्हा आपण मराठीवरून मोजू या.

आधी उच्चार घेऊ. दोन्ही भाषांतले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, तिथे काही शिकावंच लागत नाही. इटालियनमध्ये तर आपली आणखी चांदी आहे. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च हे दोन वेगळे उच्चार आपण लहानपणापासून करतो. इटालियनलाही हे दोन्ही लागतात. 'चाओ' म्हणताना 'चार'चा च, 'पिझ्झा' म्हणताना 'चमचा'चा च. इटलीत त्या पदार्थाच्या नावात ज किंवा झ ऐकू येत नाही. 'जहाज'मधला ज तिथे 'शून्य' या अर्थाच्या 'झेरो'त भेटतो. जोडाक्षराचा जोरही आपल्याला ठाऊक आहे. 'गडी' आणि 'गड्डी' यांत आपण कधी गोंधळत नाही. इटालियनमध्ये 'पाला' म्हणजे फावडं आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू. अनेक परदेशी विद्यार्थ्यांना हा फरक घोटवावा लागतो, आपल्याला तो लगेच ऐकू येतो.

फ्रेंचमध्ये अनुनासिक स्वरांची कसोटी असते. तोंडातून आणि नाकातून एकदमच निघणारे तीन-चार स्वर वेगळे ऐकू यावे लागतात. प्रमाण मराठीतून असे स्वर जवळजवळ गेले. पण ज्यांच्या घरी मालवणी किंवा कोंकणी बोलतात, त्यांच्या कानाला ते परके वाटत नाहीत. खरी अडचण पुढे आहे. फ्रेंचमध्ये लिहिलेलं बरंचसं उच्चारत नाहीत. 'बोलणे' या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांची वर्तमानकाळी रूपं कागदावर एकसारखी नसतात, कानाला मात्र चारही ठिकाणी 'पार्ल' एवढंच येतं. म्हणून कर्ता दर वेळी बोलून दाखवावा लागतो. इटालियनमध्ये सहाही रूपं वेगळी ऐकू येतात आणि कर्ता गाळता येतो. आपणही 'उद्या येतो' एवढंच म्हणतो, 'मी' लागत नाही.

भूतकाळ तर पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे बाई 'गेले' म्हणते आणि पुरुष 'गेलो' म्हणतो. इटालियनमध्ये बाई 'सोनो आन्दाता' म्हणते, पुरुष 'सोनो आन्दातो'. आपण 'आंबा खाल्ला' पण 'पोळी खाल्ली' म्हणतो, क्रियापद कर्मामागे जातं. इटालियनमध्ये 'ते मी खाल्लं' असं सर्वनामाने सांगताना हेच घडतं. सफरचंद स्त्रीलिंगी असल्यामुळे 'मांजाता', आइस्क्रीम पुल्लिंगी असल्यामुळे 'मांजातो'. फ्रेंचमध्येही असे नियम आहेत, पण तो फरक बहुतेकदा लिहिण्यापुरता असतो, कानाला कळत नाही. एरवी जे व्याकरण पाठ करून शिकावं लागतं, त्यातलं पुष्कळसं आपल्याकडे आधीच आहे.

फ्रेंचच्या बाजूनेही मोठं माप टाकायला हवं. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजवट आली आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. आपण सगळे इंग्रजीतून शिकलेले, त्यामुळे फ्रेंच वर्तमानपत्राचा मथळा पहिल्या महिन्यातच अर्धा कळतो. मुंबई-पुण्यात अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेलेही इथे बरेच असतील. त्यांचा पाया पुसट झाला असला तरी शाबूत आहे. आकड्यांचंही भय बाळगू नका. पॅरिसमध्ये ऐंशीला 'चार वीस' म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसंही विसांवर मोजत, पाच विसा म्हणजे शंभर. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदसाठी सरळ 'सेप्तांत' आणि 'नोनांत' चालतं. व्हो कॅन्टनात ऐंशीलाही 'युइतांत' म्हणतात.

एवढं मोजूनही मी असं म्हणेन, की सोपेपणावर निवड करू नये. सोपेपणाच्या बळावर पहिलं वर्ष निघतं. पुढे भाषा टिकते ती दर आठवड्याला कुणाशी तरी ती बोलावी लागते म्हणून.

तुमचं काम आंतरराष्ट्रीय संस्थांशी असेल, तर फ्रेंच घ्या. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात आणि सर्नमध्ये इंग्रजीबरोबर फ्रेंचच कामकाजाची भाषा आहे. लोझानच्या तंत्रविद्यापीठात मुलांना पाठवायचा विचार असेल, तरी फ्रेंच. आफ्रिकेशी व्यवहार असेल तर फ्रेंचला पर्याय नाही, डाकारपासून किन्शासापर्यंत ती चालते. जगभरात सुमारे ३२ कोटी लोक ती बोलतात असा फ्रँकोफोन देशांच्या संघटनेचा २०२२ सालचा अंदाज होता. आणखी एक कारण आपलं स्वतःचं आहे. गी देल्युरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते पुस्तक १९५६ साली पॅरिसला निघालं. गी पॉयट्वाँ यांनी पुण्यात राहून हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या मावळातल्या बायांच्या ओव्यांवर त्यांनी फ्रेंचमध्ये काय लिहिलं, ते मराठी माणसाने मुळातून वाचावं.

अशी कोणतीच सक्ती नसेल, तर मी इटालियन सुचवेन. गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ साली सुरू झाला, आता झ्युरिकहून लुगानो सुमारे दोन तासांवर आहे. सकाळी निघून दिवसभर इटालियन बोलून रात्री घरी येता येतं. पुढे इटलीत, उंब्रियातल्या मोंतोनेलाही जा. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी त्या टापूत रायगडचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि २०२३ साली मोंतोनेने त्यांचं स्मारक उभारलं. तिथल्या वयस्कर माणसांशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलता आली, तर त्या गावाने आपल्या माणसाची आठवण का जपली हे आपण त्यांनाच विचारू शकू.

दोन्ही एकदम मात्र सुरू करू नका. बहिणी-बहिणी असल्याने त्या एकमेकींत मिसळतात. एक बी १ पातळीवर नेली, साधं संभाषण बिनधास्त जमू लागलं, की दुसरी निम्म्या कष्टात येते. फ्रेंच घ्याल तर पहिल्या दिवसापासून कानाला काम द्या, रोज रेडिओ ऐका आणि मग वाचा. इटालियन घ्याल तर पहिल्या दिवसापासून बोला.

शेवटी आपल्या मराठी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपली मराठी कुटुंबं जिनिव्हात आहेत, लोझानला आहेत, इटालियन बोलणाऱ्या तिचिनोतही आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या आणि आपल्या मुलांची आठ-आठ दिवसांची अदलाबदल ठरवू या. मुलं घरात मराठी बोलतील, अंगणात फ्रेंच किंवा इटालियन. तिकडची मुलं आपल्याकडे जर्मन शिकतील. यजमान कुटुंबांची यादी आजच, चहाच्या वेळी करू या. पहिलं नाव माझं लिहा.