वडिलांच्या डब्यातील नाणी

श्रोतेहो, घरातले वडीलधारे माणूस गेले की दिवसकार्य आटोपल्यावर पेट्या उघडतात. आमच्याकडेही उघडल्या. माझे वडील खेड्यातल्या टपाल कचेरीत होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि तेव्हापासून त्यांना एक नाद लागला. नवे नाणे कचेरीत आले की आपल्या खिशातले तेवढेच पैसे भरायचे, एक कोरे नाणे उचलायचे आणि पतंगाच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. नया पैसा, फुलासारख्या कडेचे दहा पैसे, १९६४ चा नेहरूंचा रुपया, १९६९ ची गांधी जन्मशताब्दीची नाणी, सगळे त्यात निघाले.

धाकटा भाऊ शेती करतो. त्या वर्षी विहिरीचे पाणी खोल गेले होते. तो म्हणाला, "दादा, ही नाणी अमेरिकेला धाडू. ते लोक नंबर देऊन काचेसारख्या पेटीत बंद करून देतात, म्हणे. मग एकेकाचे लाख येतात. विहीर होऊन जाईल." आता यावर काय बोलावे? डबा दोघांचा होता, आणि गरज त्याची होती.

तुमच्याही घरी असा डबा असेल, म्हणून ही प्रतवारी म्हणजे काय ते आधी सांगतो. कापूस बाजारात नेला की प्रत पाहून भाव ठरतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. नाण्यांचेही तसेच. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणांची मोजपट्टी केली. पुढे पी.सी.जी.एस. ही संस्था १९८६ मध्ये आणि एन.जी.सी. १९८७ मध्ये निघाली. त्या नाणे खरे की खोटे हे तपासतात, गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत ते बंद करतात. साठ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे नाणे व्यवहारात फिरलेलेच नाही. पण प्रतवारीने कापूस सुधारत नाही, आणि नाणेही नाही. जे आहे तेवढेच चिठ्ठीवर येते.

मी पुण्याला एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे डबा घेऊन गेलो. जाण्यापूर्वी मात्र एक शहाणपणा केला. नये पैसे काळवंडलेले दिसले, म्हणून आदल्या रात्री सहा नाणी लिंबू लावून घासली. चांगली लखलखीत झाली. त्या गृहस्थांनी भिंग लावले आणि विचारले, "गुरुजी, ही कुणी घासली?" मी गप्प. ते म्हणाले, "साठ वर्षं यांनी अंगावरचं तेज सांभाळलं होतं. आता याला कुणी नंबर देणार नाही. 'घासलेले' एवढाच शेरा मिळेल." वडिलांनी पतंगाच्या कागदात जपलेले मी एका लिंबाने घालवले. श्रोतेहो, एवढे तरी ऐका: नाणे घासू नका, पुसूही नका. धरायचे तर कडेला धरा. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नका, त्यांतून हिरवट चिकटा सुटतो आणि धातूला खातो.

गांधींच्या चांदीच्या दहा रुपयांचीही तीच कथा. १५ ग्रॅम वजन, त्यात ८० टक्के चांदी. आई ते दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासते. त्याला मोल चांदीचे. तशी नाणी पुष्कळ पाडली गेली, त्यामुळे दुर्मीळही नाही.

मग त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. समजा, नेहरूंचा कोरा रुपया तसाच विकला तर चारशे येतात आणि चांगले गुण मिळाले तर दोन हजार. परदेशी शुल्क, टपाल, विमा, परतीचा खर्च धरून तीन हजार गेले, तर विहिरीत पैसे टाकलेच की, फक्त पाण्याविना! हे आकडे उदाहरणादाखल. रीत मात्र हीच. लाखोंनी पाडलेले नाणे पेटीत बसले म्हणून दुर्मीळ होत नाही. ज्याची प्रत एका पायरीने वर गेली की भाव अनेक पटींनी चढतो, किंवा ज्याची नक्कल सर्रास होते, त्याच्यासाठी खर्च करावा.

डब्याच्या तळाशी पणजोबांचा एक बंदा रुपयाही होता, पंचम जॉर्जचा, १९१९ चा. वजन बरोबर एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. तो पाठवायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षे उलटलेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर धाडता येत नाही.

दरम्यान भावाला एक दूरध्वनी आला. पंचवीस पैशांच्या नाण्याला दीड लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा! पंचवीस पैसे नि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणून लोकांना ती अमोल वाटू लागली. असल्या व्यवहारात आपण नसतो आणि कोणाला शुल्क घ्यायला नेमलेलेही नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. भाऊ पैसे भरणारच होता. वहिनीने हातातला फोन काढून घेतला.

शेवटी पुण्याच्या गृहस्थांनी दोनच नाणी बाजूला काढली. म्हणाले, ही ठेवा, घाई नको. बाकीची वाटणी करून टाका. मी तेच भावाला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे लाख नाहीतच." विहिरीसाठी त्याने सोसायटीकडून कर्ज काढले, थोडे मी घातले.

माझ्या वाटणीचा डबा मी शाळेत नेतो. सालाखाली ठिपका, हिरा की तारा हे मुले भिंगाने शोधतात. ताऱ्याचे हैदराबादचे, हिऱ्याचे मुंबईचे, काहीच नसेल तर कलकत्त्याचे. शिक्षक मंडळींनी करून पाहावे, तास केव्हा संपतो कळत नाही.

गेल्या दिवाळीला आईने पुन्हा चिंच भिजत घातली. मी काही बोललो नाही.