कामाची वेस आणि मनाची शिस्त



एके काळी कामाला वेस होती. पेढीवरची चोपडी मिटली की व्यापारी घराकडे वळे. कचेरी सुटली की नोकरदार लोकलची वाट धरी. त्या वाटेवर कामाचा भार उतरे आणि माणूस मोकळ्या मनाने उंबरठा ओलांडी.

१९७३ साली अमेरिकेतील जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द योजिला. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी दूरसंचाराच्या साधनांनी कामच माणसाकडे आणावे, हा त्यामागील विचार. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तो आपल्याकडील असंख्य घरांत आणला. जेवणाच्या टेबलावर संगणक आला. वाट संपली आणि वेसही पुसली गेली.

यातील लाभ नाकारता येत नाही. चीनमधील सीट्रिप या प्रवास-आरक्षण कंपनीत निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी केलेला नऊ महिन्यांचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले; नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र त्या वाढीचा मोठा हिस्सा विश्रांती व रजा कमी घेतल्यामुळे होता. कामाच्या मानाने बढतीही कमी मिळाली. एकाकीपणाला कंटाळून अनेकांनी पुढे पुन्हा कचेरी पसंत केली.

दुसरीकडे, करमणुकीचाही काठ हरपला. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र घडी करून ठेवता येते. परंतु २००६ मध्ये एझा रास्किन यांनी रचलेल्या अखंड सरकत्या पानाला शेवटच नाही. पुढे त्या रचनेविषयी खुद्द त्यांनीच जाहीर खेद व्यक्त केला.

आता हिशेब पाहावा. प्रवासाचा रोज दीड तास वाचला, तर कामाच्या २५० दिवसांत ३७५ तास हाती येतात. एवढ्या अवधीत एखादी भाषा शिकता येते, वृद्ध आईवडिलांजवळ निवांत बसता येते, मुलांचा अभ्यास घेता येतो. हे तास कंपनीला गेले, पडद्याने गिळले की घराला लाभले, यावरच माणसाची वाढ ठरते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. असा कायदा वरिष्ठांचा संदेश थोपवील. मध्यरात्री स्वतःहून भ्रमणध्वनीकडे जाणारा हात कोण थोपविणार? ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

त्यासाठी मोठे संकल्प नकोत. कामाआधी घराबाहेर एक फेरी, ठरल्या वेळी संगणक कपाटात, जेवताना भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत, आणि आठवड्यातून एकदा सहकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट. पूर्वी वेस गावाने घातलेली असे. आता ती प्रत्येकाने आपल्या हाताने आखावी, आणि घरातील सर्वांनी ती राखण्यास साहाय्य करावे, हीच सदिच्छा.