शेवटची रांग

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तो कोलकात्याच्या थिएटरात नव्हे. १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो प्रथम पडद्यावर आला, तोही इंग्रजी उपशीर्षकांविना! या संग्रहालयाने १९३५ मध्येच चित्रपटांचा संग्रह सुरू केला होता. संग्रहालयाचं सभागृह केवढं काम करू शकतं, ते यावरून कळावं.

आपल्याकडे सभागृहाचं नूतनीकरण म्हटलं, की आधी आठवतात गुबगुबीत खुर्च्या. अशा सभागृहांत मी कविता वाचल्या आहेत. शेवटच्या रांगेला शब्द मिळत नाहीत, नुसता घुमणारा आवाज मिळतो. उघड्या भिंतींवर आपटून तो परततो आणि पुढच्या शब्दावर चढतो. म्हणून भिंतींना आवाज शोषणारं अस्तर आधी हवं. चित्रपटासाठी भर दुपारी काळोख करणारे जाड पडदे हवेत. मागच्या रांगा चढत्या हव्यात. नाहीतर पुढच्याच्या डोक्याआड उपशीर्षकं जातात, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, तोही मागच्या बाजूला नव्हे, सर्वांच्याच दाराशी.

आणि रस्त्यावर उघडणारं वेगळं दार हवं. दालनं संध्याकाळी बंद होतात, कामकरी माणूस मोकळा होतो तो त्यानंतर. ते दार नसेल, तर एवढा खर्च कोणासाठी?

आराखड्यावर सही करण्याआधी साहेबांनी घटकाभर शेवटच्या रांगेत बसून बघावं, एवढंच मागणं.