हेत्वारोप

राज्यकर्त्यांचा निर्णय चुकला असे म्हणण्याचा अधिकार लोकशाहीत प्रत्येकास आहे, आणि तो बजावलाही पाहिजे. परंतु ‘निर्णय चुकला’ येथून ‘यांना देश बुडवावयाचाच होता’ येथवरची उडी पक्षाभिमानी माणूस फार सहज मारतो. ती मारली म्हणजे काय घडते, याचे अमेरिकेतील एक उदाहरण आज पाहू.

जॉर्ज मार्शल हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सेनाप्रमुख होते. १९३९ साली दोन लाखांहून कमी असलेली फौज त्यांच्या कारकीर्दीत ऐंशी लाखांवर गेली. १९४५ च्या अखेरीस चीनमधील यादवी मिटविण्यासाठी त्यांस पाठविण्यात आले. ते काम साधले नाही, आणि १९४९ साली चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला. या अपयशावर कठोर टीका करण्यास भरपूर जागा होती.

सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे तेवढ्याने समाधान होईना. १४ जून १९५१ रोजी सिनेटमधील प्रदीर्घ भाषणात त्यांनी मार्शल यांना एका अवाढव्य कटात गोवले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे: माणूस केवळ मूर्ख असता, तर त्याचे काही निर्णय तरी योगायोगाने देशाच्या हिताचे ठरले असते, ज्याअर्थी सारेच अहिताचे, त्याअर्थी हेतूच दुष्ट! वकिली झकास. मात्र फसलेले तेवढे वेचून घ्यावयाचे आणि जिंकलेले महायुद्ध हिशेबाबाहेर ठेवावयाचे, ही सोय तीत आधीच करून ठेवलेली. शिवाय चुकीची शहानिशा कागदपत्रांवरून होऊ शकते. अंतःकरणाची कोणत्या दप्तरातून करावी?

१९५२ च्या ऑक्टोबरात अध्यक्षपदाचे उमेदवार आयसेनहॉवर मॅकार्थी यांच्याच विस्कॉन्सिन संस्थानात, मिलवॉकी येथे, बोलावयास उभे राहिले. त्यांना मोठेपणास चढविले ते मार्शल यांनीच. भाषणात मार्शल यांच्या समर्थनाचा मजकूर लिहिलेला होता. तो ऐन वेळी गाळण्यात आला. स्वपक्षाची मते जपावयाची होती, दुसरे काय!

मार्शल यांचे नाव काही पुसले गेले नाही. १९५३ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५४ साली सिनेटने मॅकार्थी यांचाच निषेध केला. खरा घाव बसला तो हाताखालच्या माणसांना. जॉन सर्व्हिस हे चिनी भाषा जाणणारे परराष्ट्र खात्यातील अधिकारी. चँग कै-शेक यांची सत्ता आतून पोखरली असून कम्युनिस्ट बळावत आहेत, असे त्यांनी युद्धकाळीच कळविले होते. अंदाज खरा ठरला, तेव्हा जणू तोच अपराध झाला. एका संपादकास काही अहवाल दाखविल्याचे निमित्त होते. पण त्यावर खटला भरण्यास ज्यूरीने १९४५ सालीच नकार दिला होता. तरीही, निष्ठेविषयी शंका आहे म्हणून, डिसेंबर १९५१ मध्ये त्यांस बडतर्फ केले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द ठरविली व ते नोकरीत परतले. चीनचा हा जाणकार पुढे नेमला गेला तो लिव्हरपूलच्या वकिलातीत, आणि १९६२ साली सेवानिवृत्त झाला.