भोंगा बंद झाला, मॉल उभा राहिला

हेडफोन लावलेत ना? आज लोअर परळला जाऊया. तिथल्या मॉलमध्ये, ऑफिसात तुमच्यापैकी बरेच जण जात असतील. फिनिक्स, कमला ही नावं मॉलची किंवा पबची नव्हेत हं, कापड गिरण्यांची.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले आणि बहुतेकांना ती नोकरी परत मिळालीच नाही. मागे उरली जमीन. सुमारे ६०० एकर, तीही मुंबईच्या मधोमध!

आता खरी गंमत (गंमत कसली म्हणा) नियमात आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरणी पाडली की जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करा, असंही सुचवलं. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची! म्हणजे समजा १० एकरांची गिरणी, त्यात ८ एकरांवर शेड. आधी लोकांच्या वाट्याला साडेसहा एकर आले असते, आता जेमतेम सव्वा. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बदल कायम ठेवला.

मग काचेचे टॉवर आले. नोकऱ्याही आल्या, ते नाकारत नाही मी. पण प्रत्येक प्लॉट आपापला वाढला आणि रस्ते, पूल, जिने जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पाऊस निमित्त झाला, गर्दी मात्र रोजचीच होती.

आणि कामगारांची घरं? पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. तोवर कित्येकांच्या जागी वारसांची नावं लागली होती.

तुमचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते का? कुठल्या खात्यात, साच्यावर की आणखी कुठे? घरी विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्याच ऐकवतो.