चहाच्या बैठकीतली सुरई
(वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चहाच्या समारंभात मद्याची सुरई कशाला, असा प्रश्न मागच्या रांगेतून आलाच! प्रश्न रास्त आहे. आपले चहापान अर्ध्या तासात उरकते. जपानातली पूर्ण बैठक, तिला चाजी म्हणतात, चांगली चार तास चालते. कडक चहा रिकाम्या पोटी नको म्हणून आधी बेताचे जेवण असते आणि त्याबरोबर घोट-दोन घोट साके, म्हणजे तांदळाचे मद्य. प्रथम यजमान स्वतः लोखंडी किटलीतून वाढतो. पुढे चिनी मातीची सुरई, तोक्कुरी, पाहुण्यांच्या हवाली करून तो आत जातो, आणि पाहुणे एकमेकांना वाढतात. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, ही तिकडची रीत मला फार आवडली.

या बैठकीला साधेपणाचे वळण लावले सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी. मातकट भिंती, ओबडधोबड पेले. अशा खोलीत निळ्या वेलबुट्टीची एखादी सुरई नाकातल्या चमकीसारखी खुलते. मात्र रिक्यूंच्या हयातीत जपानात चिनी माती घडतच नव्हती. हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथले कुंभार जपानात आणले गेले. त्यांच्या हातून सतराव्या शतकाच्या आरंभी क्यूशू बेटावरच्या आरिता गावी हे काम सुरू झाले. माल इमारी बंदरातून जाई, म्हणून नाव पडले इमारी. घडवणारे गाव मागेच राहिले.

त्या कोरियन मंडळींत एक बाई होती. पती वारल्यावर सुमारे ९०० माणसांना घेऊन ती आरिताला आली आणि तिथे भट्ट्या चालवल्या, असे सांगतात. १६५६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ती वारली. पुढे पणतवंडाने तिचा स्मृतिशिला उभारला. लोक तिला ह्याकुबासेन म्हणतात, पण ते आदराचे संबोधन आहे. तिचे खरे नाव कुठेच उरलेले नाही!

आता सुरईवरचे काम पाहा. आरितात रेघ ओढणारा वेगळा आणि रंग भरणारा वेगळा. रंग भरण्याचे काम, दामी, परंपरेने बायकांचे. रांगोळीत रंग भरण्याइतके ते सोपे नव्हे. जाड कुंचला रंगाने निथळता भरून घ्यायचा आणि टेकवायचा नाही. नुसता थेंब रेघेच्या आत फिरवत न्यायचा. कच्चे भांडे पाणी लगेच शोषते, हात क्षणभर थबकला तरी डाग पडतो. त्यातून रंग दिसतो काळपट. निळा होतो तो १३०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत. म्हणजे काय साधले ते बाईला भट्टी उघडल्यावरच कळणार.

आणि जिथे ही सुरई मांडली जाई, ती बैठक शतकानुशतके मुख्यतः पुरुषांची. मेइजी काळात मुलींच्या शाळांतून चहाविधी शिकवू लागले, तेव्हा बायका यजमान म्हणून पुढे आल्या.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. सहल निघाली, की निळ्या नक्षीत रेघेआधी तिच्या आतला रंग बघा.