दर्यातील वाट
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी मालवण शहरावर एक माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. कागदपत्रांवरून मजकूर बहुतेक सिद्ध झाला होता. एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे, एवढ्यासाठीच मी तेथे गेलो. एका वयोवृद्ध मच्छीमाराने वाटाड्या म्हणून येण्याचे मान्य केले. सारी वाडी त्यांना तात्या म्हणे. मीही तसेच म्हणू लागलो.

“सकाळी न्याहारी करून दहाला निघू,” मी म्हणालो. तात्यांनी घड्याळाकडे न पाहता तिथी विचारली. दुसऱ्या दिवशी द्वितीया होती. “दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडाक भरती, म्हणजे सकाळी साताच्या सुमाराक सुकती. सायबानू, दहाक येवन काय बघतलास?” तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते, हा कोकणातील जुना ढोबळ हिशेब. माझ्या मजकुरात तो कोठेही नव्हता.

त्याप्रमाणे आम्ही उजाडताच निघालो. दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणेश, शिवलिंग आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी येथे पूजन करून सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. तेथून पद्मगडाकडे आम्ही ओसरलेल्या समुद्रातून पायी गेलो. दहाला निघालो असतो, तर ती वाट पाण्याखाली जाऊ लागली असती.

पद्मगडावरून तात्यांनी फेसाळणाऱ्या पाण्याकडे बोट केले. “पाण्यातय वाट आसता; ती खडप बघून वळखूची.” महाराजांनी कुरटे बेटाची निवड का केली, हे मी एका वाक्यात लिहून मोकळा झालो होतो. त्या वाक्याचा अर्थ तेथे उभे राहून कळला. बेटाभोवतीचे खडक परक्या मोठ्या जहाजाला जवळ येऊ देत नाहीत, आणि स्थानिक नावाडी त्यांतूनच होडी काढतो. पुढे होडीने किल्ल्यावर गेलो, तेव्हा अगदी जवळ पोहोचेपर्यंत मला महाद्वार दिसले नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असून त्यांचे पाणी गोड. राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वराचे मंदिरही तेथेच आहे. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थांबत नाही.

मला अधिक सांगावयाचे आहे ते रापणीविषयी. “रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे,” असे मी लिहिले होते. तात्यांनी ते वाचून घेतले आणि मान हलविली. जाळे ही रापण खरीच. पण ते ओढणारी माणसेही रापणच. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मासळीचे वाटे ठरलेले असतात. म्हणजे मी ज्याला साधन समजलो होतो, ती एक सहकारी संस्था निघाली, आणि तीही कोणत्याही नोंदणीवाचून चाललेली! आता रापणी फार थोड्या राहिल्या आहेत. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी यांच्यापुढे किनाऱ्यावरच्या जाळ्याचा निभाव लागणे कठीण. पर्ससीन मासेमारीवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी तात्यांची तक्रार संपलेली नव्हती. ती मी येथे मुद्दाम सांगत आहे, कारण पुस्तिकेत तिला जागा मिळाली नाही.

२०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. प्रवासी वाहतुकीवर अनेक तरुणांचे पोट चालते, आणि ते योग्यच आहे. तात्यांचा नातूही होडी चालवितो. भरतीची वेळ तो मोबाईलवर पाहतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु आम्ही पाहिलेल्या खडपांपैकी किती नावे येतात, असे मी विचारले तेव्हा तो आजोबांकडे पाहू लागला. गुरुजनहो, तुमच्या शाळेतील मुलांना अशा आजोबांसमोर वही घेऊन एक सुट्टी बसविता येईल काय? पंचायतीला त्या नोंदी जपून ठेवता येतील काय?

निरोप घेताना मी मानधनाचे पाकीट पुढे केले. तात्यांनी ते घेतले, मोजले आणि विचारले, “तिथीचो हिशोब छापतलास मा?”

पहिल्या आवृत्तीत तो राहून गेला. दुसऱ्या आवृत्तीच्या मजकुरात मी तो पहिल्या पानावर घेतला आहे.